पाचव्या चाकाची साक्ष

निवृत्त न्यायाधीश रांगणेकरांनी हौसेने लाल स्पोर्ट्स कार घेतली. महाबळेश्वरला निघायच्या सकाळीच टायरमध्ये हवा कमी असल्याचा दिवा लागला. त्यांनी चारही चाकांची हवा मोजली; ती अगदी बरोबर होती.

"हा दिवाच खोटारडा! त्याची वायरच तोडतो," रांगणेकर गरजले.

तशा गाडीतून घाट चढायला त्यांच्या पत्नी कुमुदताई तयार नव्हत्या. त्यांनी डिकी उघडून स्टेपनी दाबून पाहिली. ती पार बसली होती आणि हवा मोजणारा सेन्सर तिच्यातही होता.

"अहो, चौघांचीच साक्ष घेतलीत," त्या म्हणाल्या, "आणि पाचव्याला न बोलावताच दिव्याला शिक्षा?"

रांगणेकर खो खो हसले. "अपील मंजूर!" म्हणत ते स्वतःच पंप आणायला धावले.