एकाहत्तर हाका

"...पण आवाज दुसऱ्याचा असला, म्हणून ते लगेच खोटं ठरतं का, ब्रदर?"



ब्रदर बोनिफास व्हरांड्यात बसून नाताळचा गोठा, येशूजन्माचा मातीचा देखावा, आवरत होते. तीन राजांचा सण होऊन दोन दिवस झाले होते. मातीचं एकेक मेंढरू उचलायचं, पुसायचं, वर्तमानपत्रात गुंडाळायचं, खोक्यात ठेवायचं. घाई नव्हती.

"मी कुणाला फसवायला करत नाहीये," विल्फ्रेड म्हणाला. "तिला जरा शांत वाटावं म्हणून. एवढंच."

"कुणाला?"

"आईला."

"आणि आवाज कुणाचा?"

"मंजुळाचा."

"मंजुळा कोण?"

विल्फ्रेड अडखळला. "आईकडे बघायला होती. आता नाही."

ब्रदरनी दुसरं मेंढरू उचललं. त्याचा एक कान तुटलेला होता. त्यांनी तेही तितक्याच काळजीने पुसलं.

"पहिल्यापासून सांग," ते म्हणाले.

विल्फ्रेड घोन्सालविस, घरचा आणि गावचा विली, हा ब्रदरांचा जुना विद्यार्थी. वसईकडच्या एका तंत्रशाळेत ब्रदरनी चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्ती शिकवली. पंधराव्या वर्षी विलीने पहिला रेडिओ उघडला, तो त्यांच्याच टेबलावर. आता ब्रदर ऐंशीच्या पुढे होते आणि वृद्ध धर्मबंधूंच्या या घरात राहत होते. विली पन्नाशीला आला होता. लग्न केलं नव्हतं. कंपनीतून घरी आला की चहा घेऊन माळ्यावरच्या खोलीत जायचा. तिथे लोकांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर उघडे पडलेले असत. कुणाचा पंखा याला, कुणाची मेमरी त्याला, असं करून तो ते जिवंत करायचा. गावात म्हणायचे, विलीने हात लावला की मेलेलं मशीन डोळे उघडतं.

नाताळात तर त्याचं घर बघायला लांबून माणसं येत. दोन हजार दिवे, सगळे कॉम्प्युटरवर चालणारे. गाणं वर चढलं की दिवे कौलांपर्यंत चढायचे, गाणं उतरलं की अंगणात उतरायचे. आणि विली खिडकीत उभा राहून खाली दिव्यांकडे नाही, माणसांच्या चेहऱ्यांकडे बघायचा.

"आईचं सांग," ब्रदर म्हणाले.

आईचं नाव कार्मेलीन. वय चौऱ्याऐंशी. दोन वर्षांपूर्वी तिचे पाय गेले, आणि मग हळूहळू आठवणही. माणसं ओळखायची, पण आत्ता काय झालं ते आत्ताच विसरायची.

"दिवसभर हाका मारायची, ब्रदर. विली... विली... चाळीस वेळा, पन्नास वेळा. हातातलं टाकून खाली धावायचं. काय गं, आई? तर म्हणायची, काही नाही. आहेस ना, बघितलं."

"मग?"

"मग वर जाऊन बसतो न बसतो, तोवर परत... विली."

जूनमध्ये त्याने एक डबा तयार केला. साबणाच्या वडीएवढा. तो आईच्या उशाशी भिंतीवर लावला. डबा तिची हाक ओळखायचा आणि उत्तर द्यायचा. विलीच्याच आवाजात.

आलोच, आई.

"एकच उत्तर नव्हतं," विल्फ्रेड म्हणाला. आता त्याचा आवाज मोकळा झाला. "सात ठेवली होती. आलोच, आई. दोन मिनिटं, आई. हो आई, इथेच आहे. लागोपाठ एकच येऊ नये म्हणून यंत्र बदलून बदलून द्यायचं. घाबरून हाक मारली तर हळू आवाजात. आमचा कॉम्प्युटरवाल्यांचा एक गट आहे, तिथे दाखवलं तर लोक उभे राहिले टाळ्या वाजवायला."

"आणि आई?"

"शांत झाली. दोन मिनिटांत विसरायची ना. आलोच म्हटलं की तिला तेवढं पुरायचं."

"मंजुळाला काय वाटलं?"

विल्फ्रेडने खांदे उडवले. "तिला काय कळतंय त्यातलं. म्हणायची, दादा, आजी हाक मारते, डबा बोलतो, मग आजी दाराकडे बघत बसते. ते काढा तुम्ही. मी म्हटलं, तू तुझं काम कर."

ब्रदरनी खोक्यात हात घालून मेंढरं नीट लावली.

"नाताळच्या दिवशी काय झालं?"

बागेत कुणीतरी केळीची वाळलेली पानं कापत होतं. त्याचा आवाज येत राहिला.

"सकाळी चर्चमध्ये मिस्सा झाली," तो शेवटी म्हणाला. "सेलीन आली होती दुबईहून. माझी बहीण. दुपारी सगळे मामांकडे जेवायला गेले. मी नाही गेलो. म्हटलं, आईपाशी थांबतो."

"थांबलास?"

"घरातच होतो, ब्रदर."

"आईपाशी?"

"वर होतो. माळ्यावर. दिव्यांची एक माळ गाण्याच्या मागे पडत होती. अर्धा सेकंद. डोळ्यांना कळत नाही, पण मला कळतं. कानांना हेडफोन लावून गाणं पुन्हा पुन्हा लावत होतो..."

"मग?"

"आई पलंगावरून पडली. पलंग आणि भिंत यांच्या मधल्या फटीत. खुब्याचं हाड मोडलं. चार वाजता सेलीन आली, तिने बघितलं."

"पडली केव्हा?"

"दीडच्या सुमाराला."

"तुला कसं ठाऊक?"

विल्फ्रेडने पिशवीतून लॅपटॉप काढला. "यंत्र सगळं लिहून ठेवतं. हाक किती वाजता आली, किती सेकंदांत उत्तर गेलं." तो स्क्रीनकडे बघत म्हणाला, "दीडपासून लागोपाठ आहेत. एकही हाक सुटली नाही, ब्रदर. एकाहत्तरपैकी एकाहत्तर."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं असावं. त्याने मान खाली घातली.

"वाच," ब्रदर म्हणाले.

"काय?"

"ते."

"सगळं?"

"सगळं."

विल्फ्रेड वाचू लागला. कंपनीतला एखादा अहवाल वाचावा तसा.

"एक वाजून अठ्ठावीस. हाक, विली. उत्तर, आलोच, आई. एक वाजून एकोणतीस. हाक, विली. उत्तर, दोन मिनिटं, आई. एक एकोणतीस. विली. हो आई, इथेच आहे. एक तीस. विली. आलोच, आई..."

ब्रदरांचे हात थांबले होते. हातात कागदात अर्धवट गुंडाळलेलं गाढव होतं.

"एक बावन्न. विली. आलोच, आई. एक बावन्न. विली..." तो थांबला. "पुढे असंच आहे."

"वाच."

तो वाचत गेला. दोन वाजून वीस मिनिटांनंतर अकरा मिनिटं काहीच नव्हतं.

"इथे?"

"झोप लागली असेल."

ब्रदरनी मानेनेच पुढे वाच म्हटलं.

"दोन एकतीस. हाक..." विल्फ्रेडचा आवाज घसरला. "हाक, विल्फ्रेड. उत्तर, आलोच, आई."

"हे नाव वेगळं आहे."

"लहानपणी रागावली की पूर्ण नाव घ्यायची. यंत्राला दोन्ही शिकवली होती."

मग त्याने उरलेल्या सगळ्या वाचल्या. शेवटची तीन वाजून एक्केचाळीस मिनिटांची होती. तिच्यापुढे यंत्राने नोंद केली होती, आवाज क्षीण. तरी त्याने ओळखली होती. तरी उत्तर दिलं होतं. हळू आवाजात.

विल्फ्रेडने लॅपटॉप मिटला.

"माळ लागली का?" ब्रदरनी विचारलं.

"काय?"

"दिव्यांची. मागे पडत होती ती."

"हो," विल्फ्रेड म्हणाला. "लागली."

ब्रदरनी गाढवाभोवतीचा कागद पुरा केला.

"मंजुळा कुठे होती त्या दुपारी?"

"पाड्यावर. डोंगराकडे राहते ती. तिच्या भावकीत लग्न होतं."

"न सांगता गेली?"

"नाही... विचारून गेली. तिचा पाय निघत नव्हता. आजीला सोडून कशी जाऊ, म्हणत होती. मीच म्हटलं, जा. डबा आहे ना."

"मग तिला काढलं कुणी?"

"सेलीनने. हॉस्पिटलात आरडाओरडा करायला लागली, बाई कुठे होती, बाई कुठे होती... मी म्हटलं, ती निघून गेली होती."

"निघून गेली होती."

"खोटं नाही, ब्रदर! गेलीच होती ती."

"पुढे?"

"सेलीनने तिथूनच फोन लावला. नको नको ते बोलली. पुन्हा दारात दिसू नकोस म्हणाली. मी शेजारी उभा होतो. फोन स्पीकरवर होता." विल्फ्रेड बोटं चोळू लागला. "मंजुळा भांडली नाही. दादांनी पाठवलं, असंही म्हणाली नाही. एवढंच विचारलं, आजी कशी आहे? सेलीनने फोन कापला."

"आणि तू?"

"सेलीन रडत होती. म्हटलं, हे मागाहून सांगू."

"सांगितलंस?"

"परत जाताना मला मिठी मारून गेली. म्हणाली, तू आहेस म्हणून आईची काळजी नाही."

ब्रदरनी गाढवाचा कागद पुन्हा उलगडला आणि नव्याने गुंडाळायला घेतला. बोटं नीट वळत नव्हती. विल्फ्रेड मदतीला पुढे झाला. ब्रदरनी हाताने नको म्हटलं.

"आता कशी आहे ती?"

"हाड बसवलं. शुक्रवारी घरी आणली." विल्फ्रेड खाली फरशीकडे बघू लागला. "मी आता तिच्याजवळच बसतो, ब्रदर. खरंच बसतो. रजा घेतलीय. आत्ता तासभर शेजारीण बसलीय. पण मी बोललो, आई, मी आलोय, की ती डोळे मिटते. मी बोलायचा थांबलो की उघडते. डॉक्टर म्हणतात, वय झालं, विसरतात माणसं. पण सेलीनचा आवाज फोनवर आला की हसते. शेजारच्यांना ओळखते. फक्त माझा..."



"हाक मारते?"

"मारते."

"कुणाला?"

"मंजुळाला. दिवसभर. मंजुळा... मंजुळा..." तो एकदम घाईने बोलू लागला. "म्हणूनच विचारायला आलो. त्या खोलीतला सहा महिन्यांचा आवाज साठवलेला आहे माझ्याकडे. मंजुळा दिवसभर तिथेच असायची. आले हो आजी, पाणी देते आजी, हे बघा आले... सगळं आहे. दोन दिवसांचं काम आहे. यंत्राला फक्त नवीन नाव शिकवायचं. आईला बरं वाटेल. पण हात लावायला बसतो आणि... म्हणून विचारतोय. ते खोटं होईल का?"

"नाही," ब्रदर म्हणाले.

विल्फ्रेडने चमकून वर बघितलं. "नाही?"

"नसेल. आधीचा आवाज तर तुझाच होता. खराखुरा."



बागेतला माणूस पानांचा भारा घेऊन समोरून गेला. ब्रदरांना त्याने मान लववली. ब्रदरनीही लववली.

"मंजुळाला परत बोलावतो," विल्फ्रेड पुटपुटला. "फोन करतो तिला."

"फोन नको."

"मग?"

"जा."

"काय सांगू तिथे जाऊन?"

ब्रदरनी लॅपटॉपकडे बोट केलं. "मला वाचून दाखवलंस ते."

"तिला?"

"तिला मागाहून. आधी बहिणीला."

"सेलीन पुन्हा तोंड बघणार नाही माझं."

ब्रदरनी खोकं बंद केलं, सुतळी घेतली आणि गाठ मारण्यासाठी विल्फ्रेडला बोट ठेवायला खुणावलं. विल्फ्रेडने सुतळीवर बोट दाबून धरलं. ब्रदरनी गाठ आवळली, तशी त्याने ते ओढून घेतलं.

"आणि मंजुळा नाही आली तर?" तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "का यावं तिने? एवढं सगळं ऐकून घेतल्यावर कोण येईल? मी उभा जन्म यंत्रांत काढला, ब्रदर. आजारी माणसाचं मला काही येत नाही. कूस कशी वळवायची तेही येत नाही. ती नाही आली तर आईचं करायचं कुणी?"

ब्रदर बोनिफास उठले. खोकं त्यांनी काखेत घेतलं. दारापाशी जाऊन ते वळले आणि पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाले,

"आई कुणाची?"