फांदी धरणारा हात

भाविकहो, श्री रानोबा महाराजांचा मुक्काम तेव्हा आसणवाडीत होता. गाव डोंगराच्या पायथ्याशी. डोंगर तसा बुटकाच, पण पायथ्यापासून माथ्यापर्यंत देवराईने झाकलेला, आणि माथ्यावर करंजाईचे ठाणे. आश्विन नवमीला नव्या वरीची पहिली जुडी दिवस मावळायच्या आत देवीपुढे ठेवायची, घंटा वाजवायची, आणि ती ऐकल्यावरच गावाने शेतात विळा घालायचा, अशी तिथली रीत. नवमी चुकली की कापणी थेट कार्तिकी पौर्णिमेला. तोवर पिकलेला दाणा झडून मातीत जायचा.

त्या वर्षी पावसाळ्यात दरड कोसळली आणि देवीची पायवाटच नाहीशी झाली. नवमीच्या सकाळी गावचे खोत विसाजीपंत म्हणाले, "चार गडी आणि चार कोयते घेतो, दुपारपर्यंत नवी वाट पाडतो."

पारावर महाराजांच्या पायाशी ठमा धनगरीण बसली होती. ती हळूच म्हणाली, "देवीच्या रानात कोयता न्यायचा न्हाई, पंत. हातानं फांद्या सारत जायचं. माझी आजी तशीच जायाची."

"शेळ्यांमागं फिरणारी आता आम्हाला रीत शिकवणार!" पंत हसले, तसा सगळा पार हसला. हसायला काय लागते? "एवढं आहे तर तूही जा एक जुडी घेऊन. माझ्याआधी घंटा वाजवलीस तर ठीक. नाहीतर शेळ्यांसकट वेशीबाहेर काढीन."

ठमाचा चेहरा उतरला. या गावाबाहेर तिला होते कोण? महाराज म्हणाले, "जा बाई. वाट नसली म्हणून देवी कुठं गेली नाही."

जुडी पदरात बांधून ठमा रानात शिरली. पंत गड्यांना घेऊन दुसऱ्या अंगाने चढू लागले. ओल्या पाचोळ्यावरून ठमाचा पाय घसरत होता, कारवी डोक्याच्या वर गेलेली, करवंदीच्या जाळ्या लुगडे ओढत होत्या. मधल्या सपाटीवर ती पोचली आणि एकाएकी दाट धुके उतरले. माथा कुठे, दरी कुठे, काही कळेना. दिवस कलत चालला. तेव्हा मात्र तिला रडू कोसळले.

"महाराज, मला गावाबाहेर काढलं तरी चालंल," ती म्हणाली, "पण गावाच्या तोंडचा घास जाऊ देऊ नका."

समोरची काटेरी फांदी बाजूला झाली आणि तशीच राहिली. एका हाताने ती धरून ठेवली होती. ठमा पुढे सरली, तोच पुढची फांदीही त्या हाताने धरली. मनगटापलीकडे धुक्यात काही दिसत नव्हते. हात पुढे, ठमा मागे, अशी ती चढत गेली, आणि तिच्या पायाला देवीच्या पायरीचा दगड लागला. जुडी ठेवून तिने घंटा अशी वाजवली की पायथ्याच्या शेतांतून लोकांनी जयजयकार केला!

पंतांची तऱ्हा ऐका. धुक्यात त्यांना आयती तोडलेली वाट सापडली. "कुणीतरी आपल्यासाठी मोकळी करून ठेवलीय," म्हणत ते आनंदाने चालत राहिले. तिसऱ्या फेरीला एक गडी खाली वाकला आणि म्हणाला, "पंत, हे खुंट आपणच तोडलेले." तेवढ्यात घंटा घणघणली. धुके विरले आणि पंत खाली उतरले.

पारावर महाराज सकाळी बसले होते तिथेच होते. दिवसभर जागचे हलले नाहीत, असे सारे सांगत होते. पण त्यांच्या एका तळहातात करवंदीचे काटे रुतले होते आणि रक्त ओघळत होते. पंत पायावर डोके ठेवायला वाकले, तसे महाराजांनी पाय मागे घेतले.

"आधी काटे काढ," महाराज म्हणाले.

पंत एकेक काटा काढू लागले. "महाराज, एवढे काटे कशापायी सोसलेत?"

"फांदी सोडली असती, तर ठमाच्या तोंडावर बसली असती."

इतक्यात ठमा डोंगर उतरून पाराशी आली. पंत उठले, पहिल्या कापणीचा मानाचा विळा त्यांनी तिच्या हातात दिला आणि साऱ्या गावादेखत तिच्या चिखलाने माखलेल्या पायांवर डोके ठेवले.