उतारावरची होडी

“पण मेस्तांनू, गाडी ओढतली की नाय, येवढाच सांगा!”

जयवंताने हे तिसऱ्यांदा विचारलं.

बाबल मेस्त खाली मान घालून एका जुन्या होडीच्या फळ्यांमधल्या फटींत कापूस ठासत होते. चार पिढ्या होड्याच बांधत आलेलं घर, आणि वय ऐंशीच्या घरातलं. काम करताना ते बोलत नसत. काम नसतानाही फारसं बोलत नसत.

जयवंत त्यांच्या हाताखाली सात वर्षं शिकला होता. मागे ट्रेलरवर चढवून ठेवलेली नवी होडी त्याने एकट्याने बांधलेली पहिली होडी. वाडीत ज्याला-त्याला त्याने ती हात धरधरून नेऊन दाखवली होती.

आता मात्र त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

घाटावर धरणाच्या काठी त्याच्या बहिणीचं, सुलूचं, गाव. दवाखाना पाण्यापलीकडे. गावाची होडी दोन महिन्यांपूर्वी फुटली, आणि रस्त्याने वळसा घालून जायचं तर तीन तास. सुलूला नववा लागला होता. ‘रविवारी होडी घेऊन येतो,’ असा शब्द जयवंताने दिला होता.

आज शनिवार होता.

“मेस्तांनू…”

“वजन किती?”

जयवंत याच प्रश्नाची वाट बघत होता. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला.

“होडी अकराशे किलो. ट्रेलर अडीचशे. साडेतेराशे झाले. आणि गाडीच्या पुस्तकात लिवलाहा, पंधराशे ओढता!”

“अकराशे कोणी सांगल्यान?”

“मीच काढलंय. एकेक फळी मोजून.”

मेस्तांनी कागद घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि परत दिला. मग उठून नव्या होडीपाशी गेले. तिच्या पोटावर त्यांनी तळहात ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला.

“पाण्यात किती दिस होती ही?”

“येकवीस दि…”

जयवंत मध्येच थांबला.

नवी होडी पाण्यात भिजत ठेवायची, म्हणजे लाकूड फुगतं आणि फटी मिटतात. हे खाडीकाठचं शेंबडं पोरही सांगेल. जयवंताने स्वतःच्या हाताने ती खाडीत बांधून ठेवली होती. आणि कागदावर वजन मांडलं होतं ते वखारीतून आणलेल्या कोरड्या लाकडाचं.

तो कानापर्यंत लाल झाला. कागद खिशात कोंबून त्याने ट्रेलर जीपला जोडला आणि चिऱ्याच्या खाणीवरचा वजनकाटा गाठला. काट्यावर आधी सगळं एकत्र चढवलं, मग ट्रेलर सोडून नुसती जीप. वजाबाकी केली, पुन्हा केली आणि धुरळा उडवत परत आला.

“चवदाशे ऐंशी! बसता मेस्तांनू! वीस किलो अजून बाकी रवले!”

मेस्त कापूस ठासत होते.

“आता जाव?”

मेस्तांनी पुढची फट धरली.

या माणसाकडे सात वर्षं कशी काढली, असं जयवंताच्या मनात आलं. तो चरफडत निघाला. ट्रेलर समोरच्याच खाडीच्या उतारावर सोडला, चाकामागे एक काळा दगड लावला आणि जीप घेऊन डिझेल भरायला गेला. पंपावर पुढे दोन ट्रक होते. तेवढ्या वेळात त्याने घड्याळ दहा वेळा पाहिलं.

परत येतो तर होडीभोवती अख्खी वाडी.

दोन फणस होडीत गेले होते. नारळाची पोती गेली होती, सुक्या बांगड्याची टोपली गेली होती, मिठाचं पोतं गेलं होतं. कोणीतरी पाटा-वरवंटासुद्धा ठेवला होता.

“काकी, ह्या काय?”

“म्हायारची होडी रिकामी धाडतत काय रे?” काकीने कोहळा आत ठेवता ठेवता त्यालाच दटावलं. “सुलूक सांग, काकीन दिल्यान.”

जयवंताने मेस्तांकडे चोरून पाहिलं. मेस्त पाहत होते.

“थोडासाच आसा,” तो म्हणाला. “पन्नास किलो हय-थय. पुस्तकात लिवतत त्याच्यापेक्षा गाडी जास्तच ओढता. सगळेच सांगतत.”

मेस्तांनी हातातला कापूस खाली ठेवला.

“दोर बांध ट्रेलराक. म्होरल्या बाजूक.”

जयवंताने बांधला.

“पाच जण घे.”

पाच जण आले.

“ओढ.”

सहा जणांनी जोर केला. ट्रेलर कुरकुरला आणि उतारावर हातभर वर आला. दगड चाकापासून सुटा झाला.

“बघा!” जयवंत धापा टाकत हसला. “ओढलो! सहा माणसांनी ओढलो, मग गाडी ओढूची नाय?”

“दोर सोडू नको.” मेस्त खाडीच्या बाजूला वळले. “खालची माणसा बाजूक व्हा. सगळी.”

खाली मासळी घेऊन बसलेल्या बायका उठल्या, बाजूला झाल्या. एक मासळीची टोपली तेवढी खाली राहिली.

मेस्तांनी पायाने तो काळा दगड लोटून दिला.

“आता थांबय तिका.”

एका दमाचा जोर ओसरला होता. ट्रेलर आधी जरासा मागे सरला. जयवंताने पाय रोवले. मग दोर एकदम ताणला गेला. एकाने सोडला, दुसऱ्याने सोडला, बाकीच्यांच्या हातांतून तो सळसळत निसटला. जयवंताने मात्र सोडला नाही. तो उताराच्या चिऱ्यांवरून पोटावर फरफटत गेला. चाकं टोपलीवरून गेली, खाडीच्या चिखलात शिरली आणि तिथे रुतून थांबली.



जयवंत उठून बसला. तळहात सोलवटले होते. चिखलात टोपलीच्या काड्या पडल्या होत्या. त्या टोपलीपाशी आत्ता, घटकाभरापूर्वी, एक बाई पाय पसरून बसली होती.

बाबल मेस्त हळूहळू उतार उतरून त्याच्याजवळ आले. त्यांनी त्याचे हात उलटे करून पाहिले.

“धरणाकडे उतार कितको आसा?”

“ह्याच्या… ह्याच्या दुप्पट असात.”

“आणि उद्या तुझी वाट बघत सुलू खय उभी रवतली?”

जयवंताने चिखलातल्या काड्यांकडे पाहिलं.

सुलू काठावरच उभी राहणार होती. दुसरीकडे कुठे? अगदी खाली, पाण्यापाशी. पोटावर हात धरून. सगळ्या गावाला घेऊन.

बसल्या जागी त्याला रडू आलं, आणि ते त्याने लपवलं नाही.

मग तो उठला. जीपने ट्रेलर वर आणला, दगड पुन्हा चाकामागे लावला आणि होडी रिकामी करायला घेतली. फणस काढले. नारळ काढले. काकी पुटपुटत होती, तिच्या हातात तिचा कोहळा परत दिला. आपण आधीच बसवलेलं इंजिन खोलून काढलं, नांगर काढला. ते दोन्ही एसटीच्या टपावरून यायचं ठरलं. वल्हीसुद्धा काढली.

होडी अगदी मोकळी झाली.

ट्रेलर जीपला जोडून झाल्यावर त्याने चाकामागचा काळा दगड उचलला. चांगला जड होता. तो त्याने होडीत नाही, जीपमध्ये ठेवला. तसाच आणखी एक शोधून आणला, तोही ठेवला. मग चुलतभावाला, सदाला, हाक मारली.

“तू माझ्याबरोबर येतंस. उतार इलो की खाली उतरायचा आणि चाकाबरोबर चालायचा. मी हळू घेतंय. हातात दगड तयार ठेवायचो.”

सदाने मान डोलावली.

“म्होरे काट्यार थांबाया,” जयवंत म्हणाला. “परत वजन करतंय. दगडांसकट.”

जीपवर चढताना तो थबकला. उतरला आणि पुन्हा मेस्तांसमोर येऊन उभा राहिला. मघाशी इथे उभं राहून ‘ओढतली की नाय’ असं तीनदा विचारलं होतं. आता त्याने दुसरंच विचारलं.

“मेस्तांनू… थांबतली काय?”

बाबल मेस्तांनी त्याच्याकडे पाहिलं. मग खाली ठेवलेला कापूस उचलला.

“माका काय म्हायत?” ते म्हणाले. “आता नीघ.”