चाळीस खाटा आणि एक करंगळी

"एक बाई, चाळीस पेशंट! तिसऱ्या हाकेच्या आत प्रत्येकाजवळ पोचायचं. एकानं जरी तिसरी हाक मारली, तर तू कामचुकार, नोकरी गेली! आणि जमलं, तर एक बाई पुरते हे सिद्ध झालं. मग तक्रार बंद!"

असं फर्मावून चिंचणगडचे महाराज खूश झाले. उभ्या घोड्यावरून पडून पाय मोडून घेतल्यापासून त्यांना दवाखान्यांच्या कारभारात फार रस वाटू लागला होता.

समोर उभी होती रिबेका साळवे. आधी फुलचंदशेठच्या खासगी दवाखान्यात नर्स, आता अप्पासाहेब घाऱ्यांच्या धर्मादाय दवाखान्यात. दोन्हीकडच्या नर्सांनी तिलाच पुढे केलं होतं. एका बाईकडे आठच पेशंट असावेत, एवढंच त्यांचं मागणं.

"इतक्या बायका ठेवल्या तर मला नफा काय उरणार?" शेठ कळवळले.

"आणि सेवा वाटून घेतली तर पुण्य नाही का कमी होणार?" अप्पासाहेबांनी डोळे मिटले.

"बाई, तू दोघांकडे राबलीस. बरा कोण?" महाराजांनी विचारलं.

"शेठजींकडे पाय दुखतात, सरकार. अप्पासाहेबांकडे पाय दुखल्याचं पुण्य मिळतं. खाटा दोन्हीकडे चाळीसच! परवा चाळीस नंबरच्या आजींनी पाणी मागितलं. मी पोचेपर्यंत त्या रडून रडून झोपी गेल्या होत्या, तशाच तहानलेल्या." मग तिनं पदर खोचला. "परीक्षा कबूल! पण दवाखान्याचे नियम सगळ्यांना लागू?"

"आमच्या सहीचे नियम आहेत ते! आम्हालाही लागू!"

दुसऱ्या दिवशी दरबारात चाळीस खाटा मांडल्या. पेशंट म्हणून धडधाकट मानकरी बोलावले. दारापाशी एक नंबरला शेठ, दोन नंबरला अप्पासाहेब. पंख्याखालची म्हणून तीन नंबरची खाट महाराजांनी घेतली.

जो आडवा होईल त्याच्या तोंडात रिबेकानं थर्मामीटर ठेवला.

"नियम पहिला! भरती झाल्याबरोबर ताप बघायचा. नळी नर्सनंच काढायची. स्वतः काढली, तर पुन्हा पहिल्यापासून! आणि चावू नका, आत पारा आहे."

परीक्षेची घंटा झाली. दरबार चिडीचूप! हाक मारणार कोण आणि कशानं?

रिबेकानं स्टुलावर बसून डबा उघडला. भाकरी आणि मेथीची भाजी. चार वर्षांत दुपारचं जेवण ती पहिल्यांदाच बसून जेवत होती, आणि अगदी चवीनं जेवली. मग हात धुऊन थेट चाळीस नंबरच्या खाटेकडे गेली.

"या खाटेपर्यंत कधी कुणी वेळेवर पोचत नाही. आज इथूनच सुरुवात!"

नळी काढायची, वाचायची, वहीत लिहायची, धुवायची. "ताप नाही. रजा! जा घरी!" मग एकोणचाळीस. मग अडतीस.

इकडे महाराजांच्या नाकावर माशी बसली. प्लास्टरच्या आत खाज सुटली. आणि सकाळचं दोन पेले ताक आता आपलं काम करू लागलं. महाराजांनी करंगळी वर केली. मग ती जोरजोरात हलवली.

"हाक मारा की, सरकार! करंगळीचं काही ठरलं नव्हतं!" रिबेका बावीस नंबरवरून म्हणाली.

ती तीन नंबरला आली तेव्हा महाराज घामाघूम झाले होते. नळी निघताच ते ओरडले, "भांडं! भांडं आण!"

भांडं आलं. आडोसा धरला गेला. हळूहळू महाराजांच्या चेहऱ्यावर राजतेज परतलं. त्याबरोबर हट्टही परतला.

"तिसरी हाक कुणी मारली नाही. म्हणजे एक बाई पुरते!"

"पुरते ना, सरकार! चाळीस जणांची तोंडं बंद ठेवायला एक बाई पुरते. वेळेवर भांडं द्यायचं असेल, तर आठ जणांना एक लागते!"

महाराज असे हसले, असे हसले, की मोडका पाय खाटेवरून घसरला!

"बाई, आजपासून तू दोन्ही दवाखान्यांची मेट्रन! आठ पेशंटांना एक नर्स, आणि प्रत्येकीला बसून जेवायला खुर्ची! शेठ, अप्पासाहेब, हरकत असेल तर आत्ता बोला!"

दोघांच्या तोंडात अजून नळ्या होत्या. दोघांनी एकदमच करंगळ्या वर केल्या.