पालथ्यांच्या राज्यातले ग्रहण

त्या राज्यात चंद्रग्रहण सर्वांनी पाळले होते आणि पाहिले कोणीच नव्हते. राज्य भांड्यांचे. ग्रहण लागले की रिकाम्यांनी पालथे व्हायचे आणि पोटात काही असेल त्यांनी तोंडावर झाकण ओढून घ्यायचे, ही तिथली रीत. मग पंचपात्रशास्त्री पळी वाजवून मोक्ष झाल्याचे सांगत आणि सगळे भक्तिभावाने सुलट होत. आकाशात नेमके काय झाले, हे विचारणे वाईट दिसे.

त्या पौर्णिमेला शास्त्रीबुवांनी सकाळीच जाहीर केले: स्पर्श पावणेपाचला, मोक्ष पावणेसातला. राज्याधिपती घंगाळमहाराजांनी कड्या वाजवून संमती दिली. ज्या अन्नावर तुळशीपत्र असेल ते राहील, बाकीचे मोक्षानंतर टाकायचे. तुळशीपत्रे शास्त्रीबुवांच्या ताब्यात. पहिले गेले तुपाच्या बुधलीला, कारण नैवेद्याला ती त्यांच्या शेजारी बसे. दुसरे लोणच्याच्या बरणीला, जिला वर्षभर काही होत नाही. साखरेच्या डब्याने नको नको म्हणत दोन ठेवून घेतली. सुगडीची पाळी आली तेव्हा पाने संपली होती.

सुगडी म्हणजे संक्रांतीच्या वाणातून आलेले मातीचे इवलेसे भांडे. तिच्या तळाशी दोन चमचे दही होते. राज्यातले तेवढेच विरजण. ते टाकले की त्या राज्यात दूध नुसते नासणार, दही म्हणून पुन्हा लागणार नाही. तिने हे सांगून पाहिले. शास्त्रीबुवा म्हणाले की धर्मापुढे दही कसले, आणि पुढच्या वेळी लवकर यावे.

सुगडी परातमावशीकडे गेली. मावशी पितळेची, काठाला पोचे पडलेली. सोळा सोमवार, चतुर्थ्या, चातुर्मास असे सगळे तिने मनापासून केले होते, म्हणूनच की काय, नियमांना ती घाबरत नसे.

"पंचांग कुठलं गं त्यांचं?" तिने विचारले.

शास्त्रीबुवांच्या आजोबांनी ते समुद्रकाठच्या राज्यातून आणले, एवढे सुगडीला ठाऊक होते.

"मग बरोबर. तिथे चंद्र सरळ पाण्यातून वर येतो. आपल्याकडे त्याला आधी डोंगर चढावा लागतो," मावशी म्हणाली. "जिथून ग्रहण दिसत नाही, तिथे ते पाळायचं नसतं, बाई. ही रीत त्या पंचांगाहून जुनी आहे."

पण दिसत नाही, हे दाखवायचे कसे? मावशीने शास्त्रीबुवांना निरोप धाडला की मोक्षस्नानाचे पाणी आपण धरून ठेवू, तेवढ्यापुरते सुलट राहू द्यावे; नाहीतरी कंबर धरली आहे, पालथे होणे जमायचे नाही. परवानगी मिळाली. मावशी अंगणात पूर्वेकडे सरकली, झाडाची फांदी आड येणार नाही अशी जागा तिने धरली आणि काठोकाठ पाणी भरून घेतले. मान वर करून दुखवायची कशाला, म्हणाली, आकाशच खाली येऊ दे.

पावणेपाचला सगळे राज्य पालथे झाले. फुलपात्राला शिंक आली, ती त्याने आतल्या आत जिरवली. महाराज लगेच घोरू लागले आणि ते घोरणे त्यांच्याच पोटात घुमत राहिले. परातीतला उजेड हळूहळू मावळला. सहा वाजले, साडेसहा झाले. पाण्यात डोंगराची कड होती, आणि कडेवर काहीही नव्हते.

पावणेसातला पळी वाजली. टाकायचे काम ज्याच्याकडे असे ते उलथने उठले आणि थेट सुगडीकडे निघाले.

"आधी स्नान," मावशी म्हणाली. "पारोशाने टाकलेलं कुठल्या शास्त्रात बसतं?"

ते शास्त्रीबुवांनाही मान्य करावे लागले. स्नानाचा पहिला मान महाराजांचा. महाराजांना दोन्ही कड्या वेगवेगळ्या धुऊन लागत. मग बूड. मग पुन्हा कड्या, कारण बुडाचे पाणी त्यांवर उडाले. उलथने ताटकळत उभे राहिले, आणि एवढ्यात डोंगराच्या कडेवर चंद्र आला. परातीत तो पुरा उतरला, वाटोळा, कुठेही न खाल्लेला.

"पाहा, आपण पाळलं म्हणून कसा सुटला," शास्त्रीबुवा म्हणाले. सगळ्यांनी नमस्कार केला. उलथने पुन्हा निघाले.

तेव्हा सुगडीने विचारले, "ग्रहण इथून दिसलं कोणाला?"

दिसले म्हणावे तर पालथेपण मोडल्याची कबुली, आणि नाही म्हणावे तर ते इथले ग्रहणच नव्हे. हळूहळू सगळ्यांची नजर झाऱ्याकडे वळली. झारा नियमाप्रमाणे पालथा होता, पण त्याला अंगभर भोके.

"मी पाहिलं नाही हो, दिसलं," झारा ओशाळून म्हणाला. "नुसता डोंगर होता. शेवटपर्यंत."

शास्त्रीबुवांनी पळीकडे पाहिले. पळी दुसरीकडे पाहू लागली. घंगाळमहाराजांनी घसा साफ केला आणि हे ग्रहण आपल्या राज्याला लागू नव्हते असे जाहीर केले. आपल्याला हे सकाळपासून ठाऊक होते, असेही ते म्हणाले.

मग विरजणासाठी रांग लागली. वाट्या आल्या, पेला आला, 'नैवेद्यापुरतं हवं' म्हणत शास्त्रीबुवाही आले. घ्यायचे तर सुलट उभे राहणे भाग होते. प्रत्येकाच्या तळाशी स्नानाचे थोडे पाणी राहिले होते आणि त्या पाण्यात एकेक चंद्र. महाराजांनी आपल्या पोटातला चंद्र डोळे भरून पाहिला. मग सहज म्हणून ते शेजारच्या वाटीत डोकावले. मग पुन्हा आपल्यात. मग पुन्हा वाटीत.

तेवढाच होता.