रुमालाखालचा हात

"मग ती खोटं बोलती का खरं, एवढंच सांगा बाबा."

लतीफबाबा डाव्या हाताने तांब्या उचलून पाणी प्यायले.

"माणसाच्या मनातलं तुमाला कळतं म्हणत्यात."

"कोण म्हणतं?"

"समदा बाजार म्हणतो."

"बाजार काहीही म्हणतो. तू बाजारातलाच ना?"

हा प्रश्न तुळाजीला साधा वाटला नाही. त्याला कुठलाच प्रश्न साधा वाटत नसे.

तुळाजी हा जनावरांच्या बाजारातला दलाल. एका बाजूला बैल विकणारा, दुसऱ्या बाजूला घेणारा आणि मधे तुळाजी, खांद्यावर लाल रुमाल टाकून. भाव तोंडाने बोलायचा नाही, ही त्या बाजाराची रीत. रुमाल पसरायचा, त्याखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबून सांगायचं. भोवती माणसं खेटून उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. समोरच्याच्या बोटांवरून त्याची नड ओळखणारा माणूस या बाजारात दुसरा नाही, असं म्हणत. म्हणणारा बहुतेक वेळा तुळाजीच असे.

बाजारतळामागे ओढा, आणि ओढ्यापलीकडे बाबांचा तकिया. तकिया म्हणजे काय, तर एक निंबाचं झाड, एक कबर, एक झोपडी आणि एक म्हातारी शेळी. फकिराला याहून जास्त लागत नाही.

थोडं लांब, रस्त्याच्या कडेच्या चिंचेखाली, तुळाजीची लेक सगुणा पाठमोरी बसली होती. सणाला माहेरी आली ती परत जायचं नाव घेत नव्हती. आज उन्हं कलली की जावई गाडी घेऊन याच रस्त्याने यायचा होता. पोर पाठवायची की ठेवून घ्यायची, हे तुळाजीला त्याआधी ठरवायचं होतं. उगाच ठेवली तर तिचा संसार मोडणार. आणि उगाच पाठवली तर... पुढचं तो मनातसुद्धा म्हणत नव्हता.

"तिला विचारलंस?" बाबा म्हणाले.

"इचारून इचारून तोंड दुखलं."

"काय म्हणाली?"

"म्हणती, काय न्हाई. म्हंजे कायतरी हाय. आमच्या बाजारात जो म्हणतो बैल इकायचा न्हाई, त्योच गिऱ्हाईक हुडकत आलेला असतो. त्येला दाबायचा, की खरं बोलतो."

"मग दाबलंस?"

"दाबलं की. म्हणलं, सासूनं छळलं? काय न्हाई. नवऱ्यानं टाकून बोललं? काय न्हाई. मग तुझंच कायतरी चुकलं असंल? तवापासनं तर 'काय न्हाई' बी म्हणंना."

"मग?"

"मग काय, मला कळायचं ते कळलं. जावयाचा डोळा माझ्या मळ्यावर हाय. पोरीला रुसवून त्येनंच धाडली. न्हायतर हिच्याच हातनं कायतरी वंगाळ झालंय आन् हिची आय झाकतीया. दोघी न्हाणीपाशी कुजबुजत असत्यात. मी गेलो की गप."

"हे सगळं तिनं सांगितलं?"

"तिनं कशाला सांगाय पायजे?"

"मी तिचं विचारलं, तुळाजी."

"...ती म्हणाली, काय न्हाई."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग बाकीचं कोण बोललं?"

तुळाजीने मान वळवली. झोपडीच्या दारात एक कोरी घोंगडी वाळत होती. तिच्यावर त्याची नजर खिळली.

"घोंगडी नवी दिसतीया, बाबा."

"हो."

"जावयाच्या गावाकडची वीण हाय ही."

"असेल."

"कुणी दिली?"

"थंडी वाजत होती, तेव्हा एका धनगराने दिली."

"कंचा धनगर?"

"नाव नाही विचारलं."

नाव विचारलं नाही म्हणे. तुळाजीला आता फकिराचाच संशय येऊ लागला. जावई आधी इथे येऊन गेला असेल तर? म्हाताऱ्याला घोंगडी देऊन आपल्या बाजूने वळवून ठेवला असेल तर? बिचारा तुळाजी असा होता. देवळात घंटा वाजली तरी कुणी वाजवली, कशासाठी वाजवली आणि आपण आलो तेव्हाच का वाजवली, हे त्याला आधी हवं असे.

तो उठायला लागला.

"बस," बाबा म्हणाले. "मला तुझी विद्या शिकव."

"कशाला?"

"ही शेळी विकायची म्हणतो."

तुळाजीने शेळीकडे पाहिलं. शेळीनेही त्याच्याकडे पाहिलं. तिला कुणी फुकटही नेलं नसतं, हे दोघांनाही कळत होतं. पण विद्येचं नाव निघाल्यावर तुळाजीला राहवेना. त्याने खांद्यावरचा रुमाल काढला, झटकला आणि दोघांच्या मधे धरला.

"उजवा हात द्या. बोलायचं न्हाई. मी बोटं धरली की तेवढ्याला मागितली म्हणून समजायचं. पटलं न्हाई तर तुमी माझी बोटं धरायची. आन् सौदाच नको असंल तर समोरच्याची बोटं एकेक मिटवायची, मूठ करायची आन् सोडून द्यायची. त्येचा हात त्येला परत. मग कुणी कुणावर रुसायचं न्हाई."

बाबांनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि रुमालाखाली ठेवला.

हे काय नाटक, असं तुळाजीच्या मनात आलं. पण त्याने हात धरला. डोळे बारीक केले. बोटं दाबली. थांबला. पुन्हा दाबली. गालात हसला. मग कपाळाला आठी घातली, आणखी एक बोट धरलं, मान हलवली.

बाबा शेळीकडे बघत बसले होते.

बऱ्याच वेळाने तुळाजीने रुमाल काढला.

"लबाड हाय तुमी, बाबा."

"का?"

"पयल्यांदा साफ न्हाई म्हणला. मग मी जरा चढलो तवा सैल पडला. मला वाटलं, जमलं. तर पुन्यांदा अडून बसला. शेवटाला तर वाढवून मागितलं. ह्या धंद्यात मुरलेला माणूस हाय तुमी. कुठं शिकला?"

बाबांनी डाव्या हाताने उजवा हात रुमालाखालून उचलला आणि मांडीवर ठेवला. तो तिथे जसा ठेवला तसाच पडून राहिला.

"या हातावरून वारं गेलंय, तुळाजी. गेल्या दुष्काळापासून हा हलत नाही."

तुळाजी त्या हाताकडे बघत राहिला. बैल दुरून चालत येताना कुठल्या पायात कसर आहे हे तो सांगत असे. आणि हा माणूस त्याच्यासमोर वर्षानुवर्षं डाव्या हाताने पाणी पीत होता.

"न्हाई," तो म्हणाला. "तुमी दाबलं. मला कळलं ना..."

बाबांनी तो हात पुन्हा उचलला आणि त्याच्यापुढे धरला.

तुळाजीने बोट लावलं. दाबलं. जरा जोरात दाबलं. मग हळूच सोडून दिलं.

शेळी निंबाच्या बुंध्याला अंग घासत होती.

"लेकीला कुठे विचारलंस?" बाबांनी विचारलं.

"घरी."

"घरी कुठे?"

"अंगणात. सांजचं समदी बसलेली असत्यात तवा."

"सगळी म्हणजे?"

"हिची आय, भाऊ, भावजय... शेजारचा म्हादू बी होता. लपवायचं काय त्यात?"

"बैलाच्या भावाला रुमाल लागतो ना?"

तुळाजीला राग आला. राग बाबांचा होता की स्वतःचा, हे त्याला ठरवता येईना. हातातल्या रुमालाची त्याने उगाचच घडी घातली.

"ल्हान असताना," तो म्हणाला, "माझ्या मांडीवर बसून ह्येच्याखाली हात घालायची. गुळाच्या खड्यासाठी सौदा करायची माझ्यासंगं. समद्या खुणा येत हुत्या तिला. माझ्यापरीस चेंगट, येक खडा सोडायची न्हाई."

"मग हात कधी सोडलास?"

तुळाजी चिंचेकडे बघत राहिला.

बाबांनी हाक मारली, "सगुणा, इकडे ये बेटी."

ती आली. आधी बापाकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग त्या रुमालाकडे. बापाचा संशयी स्वभाव लेकीत थोडा उतरला होताच. ती उभीच राहिली.

"बस," तुळाजी म्हणाला. "हात दे."

"कशापायी?"

"दे तर."

"आबा, माझा भाव करताय?"

तुळाजीच्या हातातला रुमाल घसरून मातीत पडला. तो त्याला उचलवेना. बाबांनी डाव्या हाताने उचलला, झटकला आणि त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

"त्याला आज काही घ्यायचं नाही की विकायचं नाही," बाबा तिला म्हणाले. मग तुळाजीकडे वळले. "आज तुझा हात माझ्यासारखा."

तुळाजीला कळलं. त्याने उजवा हात पुढे केला, तळवा वर करून. सगुणा खाली बसली. पण हात द्यायला तिने वेळ लावला. शेवटी दिला, आणि बाबांनी वरून रुमाल पसरला.

तिचा हात हातात येताच तुळाजीची बोटं आपोआप हलली. जन्माची सवय. ती कुठे थरथरते, कुठे आखडते, हे त्याला लगेच हवं होतं. तिचा हात ताठ झाला.

बाबांनी आपला लुळा हात उचलून मांडीवर नीट ठेवला.

तुळाजीने बोटं सैल सोडली.

फार कठीण गेलं ते त्याला. मनात सासू येत होती, जावई येत होता, मळा येत होता, न्हाणीपाशी कुजबुजणारी बायको येत होती. प्रत्येकाबद्दल तिला काहीतरी विचारायचं होतं. ओठावर आलेला प्रश्न तो तिथेच दाबून टाकायचा. हात मात्र त्याने हलू दिला नाही.

काहीच झालं नाही.

बाजारातून माणसं परतू लागली. ओढ्यातून बैल पाणी पिऊन गेले. तरी काही झालं नाही. तुळाजीने एकदा बाबांकडे पाहिलं. बाबांचे डोळे मिटलेले होते. झोपला की काय हा म्हातारा, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

मग रुमालाखाली तिचं बोट हललं.

तिने बापाची करंगळी मिटवली. थांबली. मग तिच्याशेजारचं बोट मिटवलं. मग मधलं, मग त्याच्यापुढचं. सावकाश, लहानपणी शिकली होती तशीच. शेवटी अंगठा त्या बोटांवर आणून ठेवला. बापाच्या हाताची मूठ झाली.

सौदा नको.

ही खूण बाजारात तुळाजीने शेकडो वेळा घेतली होती, दिली होती. मूठ केली की हात सोडायचा, ही रीत. तो वाट बघत राहिला. पण सगुणाने हात सोडला नाही. दोन्ही हातांनी तिने ती मूठ धरून ठेवली होती, इतकी घट्ट, की त्याची हाडं दुखायला लागली. मान खाली होती. रुमालावर एक ओला डाग पडला, त्याच्याशेजारी दुसरा.

रस्त्याच्या वळणावर घुंगरं वाजली. जावयाची गाडी.

तुळाजी ताडकन गुडघ्यावर आला. डोळे लाल झाले होते.

"कळलं मला," तो म्हणाला. "समदं कळलं. हात उचलला ना त्येनं तुझ्यावर? आता बघतोच त्येच्याकडं..."

त्याचा आवाज चढताच सगुणाचे हात सैल पडू लागले. तुळाजीने रुमालाला हात घातला.

बाबांनी त्याच्या मनगटावर आपला डावा हात ठेवला.

"रुमाल काढू नकोस, तुळाजी. तिचं बोलणं आत्ता सुरू झालंय."