हळदीचा ठिपका

"...पण माझं चुकलं कुठे, बाई?"

रणपिसे बाई ओसरीवर पावटा सोलत होत्या. शेंग अंगठ्याने फोडायची, दाणे वाटीत, सालं परडीत. त्यांनी मान वर केली नाही.

"बस."

"नको, मी उभीच बरी. आधी सांगा तुम्ही."

पहिला नंबर आलेल्या माणसाला बसायला वेळ कुठला! ऋतुजा शेडगे नर्सिंगच्या परीक्षेत पहिली आली होती आणि तो नंबर तिला रणपिसे बाईंनीच दिला होता. पुढे बाई निवृत्त होऊन आपल्या गावी, खडकेवाडीला, येऊन राहिल्या. आणि योग बघा, ऋतुजाची पहिली नेमणूक त्याच खडकेवाडीच्या उपकेंद्रावर झाली. बाई गावात आहेत म्हटल्यावर पोरीला आधी आनंद झाला होता. आज मात्र ती लसीचा डबा खांद्याला अडकवून, तावातावानेच ओसरीच्या पायऱ्या चढली होती.

"सकाळपासून मारुतीच्या देवळात ताटकळले. चिटपाखरू फिरकलं नाही. लस आणली तशी परत चाललीय."

"का गं?"

"त्या कांचनमुळे. वरच्या आळीची."

कांचन पहिलटकरीण, सातवा महिना. धनुर्वाताचं पहिलं इंजेक्शन तिने ऋतुजाकडूनच घेतलं होतं. दुसऱ्याची वेळ झाली आणि ती नको म्हणून बसली. तिचं ऐकून बाकीच्याही पोटुशा बाया घरातच बसल्या.

"काय म्हणते ती?"

"म्हणते, हात गेला."

"गेलाय का?"

"बाई! इंजेक्शनने हात जातो का कुठे? दोन दिवस ठणकतं, मग राहतं. हिचं महिनाभर तेच चाललंय. आधीचा वात असेल, नाहीतर कामाचा कंटाळा... आणि नाव माझं खराब."

बाईंनी एक शेंग फोडली. किडकी निघाली. बाजूला टाकली.

"नवी सुई होती," ऋतुजा म्हणाली. "लस थंड ठेवलेली. सुई सरळ, नव्वद अंशात. दंडात दिलं. सगळं तुम्ही शिकवलंत तसं. आणि माझा हात किती हलका आहे, तुम्हालाच माहीत. सुई गेली कधी, आली कधी, कळत नाही."

"हात हलका आहे खरा."

ऋतुजाला बरं वाटलं. फार वेळ नाही.

"धनुर्वात झालेलं तान्हं पाहिलंयस कधी?"

"...नाही."

"मी पाहिलंय. भुकेनं रडायचं, पण दूध ओढायला जबडाच उघडायचा नाही. आई पदराखाली घेऊन बसलेली. तिला वाटायचं, आत्ता पिईल." बाईंनी वाटी खाली ठेवली. "कांचननं दुसरं इंजेक्शन घेतलं पाहिजे, ऋतुजा. तुझं नाव राहू दे तिकडे."

तेवढ्यात अंगणात चपला वाजल्या.

कांचनच आली होती. उजव्या हातात फणी आणि रिबीन, डावा हात पोटाशी धरलेला, केस पाठीवर मोकळे. ऋतुजाला पाहिलं मात्र, पायरीवरूनच मागे वळली.

"ए, ये गं," बाईंनी हाक मारली. "चावत नाही ती."

"नंतर येते, मावशी."

"केस मोकळे सोडून गावभर फिरणार का? ये." मग ऋतुजाकडे वळून म्हणाल्या, "रोज येते वेणी घालून घ्यायला. घरी सासू आहे, पण सासूचं म्हणणं, मी भरल्या दिवसांत नदीवर धुणी धुतली आणि तुला साधी वेणी घालता येईना?"

कांचन कसनुशी हसली. सासूचं बोलणं रोजचंच असणार.

"आज ही घालील तुझी वेणी," बाई म्हणाल्या.

दोघींनाही ते नको होतं. पण रणपिसे बाईंना नाही म्हणणारं माणूस खडकेवाडीत अजून जन्माला यायचं आहे. कांचन पायरीवर बसली. ऋतुजाने तिच्यामागे उभ्याउभ्याच वाकून फणी फिरवली, तीन पेड केले, विणायला घेतले. रिबिनीपाशी येऊन हात अडला.

"कांचनताई, जरा शेंडा धरता? हात मागे घ्या."

कांचनने उजवा हात मागे नेला.

"डावा. उजव्या बाजूला मी आहे ना."

डावा हात निघाला. पोटापासून सुटला, छातीपर्यंत आला, खांद्याच्या जरा खाली आला... आणि थांबला. कांचनने ओठ दाबून धरला. हात थरथरायला लागला, तरी ती रेटत होती. कपाळावर घाम आला होता.

"राहू दे," ऋतुजा घाईने म्हणाली. "राहू दे, ताई. मी धरते."

कंटाळा केलेला हात असा थरथरत नाही. एवढं तर कुणालाही कळतं.

"कुठे टोचलं होतं मी?" तिने हळूच विचारलं.

कांचनने उजव्या हाताचं बोट डाव्या खांद्यावर ठेवलं. अगदी वर. हाडाला लागूनच.

"नाही... तिथे कसं? मी दंडात दिलं होतं."

"मग मी काय खोटं बोलते का, सिस्टर? हात माझा हाय."

ऋतुजाने बाईंकडे पाहिलं. बाई जागेवर नव्हत्या. आतून आल्या त्या एक आगकाडी घेऊन. काडीच्या टोकाला ओली हळद होती.

"धर. ही तुझी सुई. त्या दिवशी हिला दिलंस तसं मला दे."

"बाई, आत्ता? इथे?"

"देवळात दिलंस ना? मग ओसरीवर काय होतंय?"

बाई पाटावर बसल्या. ऋतुजा समोर उभी राहिली. समोरच्या पारावर दोन-तीन गडीमाणसं तंबाखू मळत बसली होती. तिने एकदा तिकडे पाहिलं, पटकन बाईंचा पदर सारखा केला, ब्लाऊजचा गळा खांद्यावरून जरासा खाली ओढला आणि काडी टेकवली. सगळं निमिषात झालं. हात खरंच हलका होता.

"झालं?"

"झालं."

"चला आत. कांचन, तूही ये."

आतल्या खोलीत बाईंनी दार लोटलं. ब्लाऊजचे हुक काढले आणि डावा हात बाहीतून पूर्ण बाहेर काढला. म्हातारा, सुरकुतलेला, उघडा हात.

हळदीचा ठिपका दंडावर नव्हताच. तो वर होता, खांद्याच्या हाडाच्या टोकाशी. कांचनने बोट ठेवलं होतं तिथेच.

ऋतुजाने पुढे होऊन ठिपक्यावर बोट ठेवलं.

"बोटं मोजली होती मी," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "खरंच मोजली होती, बाई."

"मोजली असशील. ब्लाऊज जिथवर सरकला, तिथवर मोजलीस. त्याच्या खाली दंड होता, पण तो बाहीत होता."

"देवळात सगळी गडीमाणसं बसलेली. ह्या लाजून चूर झालेल्या. म्हटलं, जास्त उघडं नको करायला... पटकन उरकू."

"व्हय," कांचन म्हणाली. "मीच म्हणलं होतं, सिस्टर, लवकर आटपा."

बाईंनी ऋतुजाचं बोट धरलं आणि आपल्या खांद्यावर दाबलं.

"हाडाचं टोक लागलं?"

"लागलं."

"इथून खाली दोन-तीन बोटं. काखेच्या रेषेच्या वर राहायचं. मधली ही जाड जागा. वर गेलीस की सांध्यात गेलीस."

"पाठ आहे मला हे," ऋतुजा म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "परीक्षेत एकदाही चुकले नव्हते. तुम्हीच तर पहिला नंबर दिलात."

"दिला. तिथं दंड रबराचा होता गं. त्याला ब्लाऊज नव्हता, आणि लाजही नव्हती. आणि टेबलावर ठेवलेला असायचा, तुझ्या छातीइतका उंच. इथं माणूस खाली बसतं. तू उभी. उभ्या माणसाला बसलेल्याचा खांदाच आधी दिसतो." बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "लाज राखायला गेलीस, यात वाईट काही नव्हतं. रडू नकोस."

पण ती रडलीच. पहिल्या नंबराची माणसं रडतात तेव्हा जरा जास्तच रडतात. सवय नसते ना.

मग तिने तोंड पुसलं आणि ती कांचनकडे वळली.

"चुकलं माझं, ताई. तुमचा हात खरंच दुखावलाय आणि मी तुम्हालाच कामचुकार म्हणत फिरले. सोमवारी मी तुम्हाला तालुक्याला नेते, हाडांच्या डॉक्टरांकडे. बरा होईल हात, पण दाखवायला हवा. मी येते सोबत. एसटीनं जाऊ, माझ्या गाडीवर नको."

कांचन फणीचे दात मोजल्यासारखी त्यांच्यावर बोट फिरवत राहिली.

"सासूबाईंना तुम्ही सांगाल? की नखरे न्हाईत म्हणून?"

"आजच सांगते. वर येऊन सांगते."

कांचनने पोटावर हात ठेवून बाईंना विचारलं, "मावशी, ते दूध ओढता येत न्हाई म्हणालात... मी अंगणातून ऐकलं. खरंच तसं हुतं?"

"खरंच होतं."

"मग द्या मला. आत्ताच द्या. पर तुम्ही द्या."

ऋतुजानेही लगेच डबा पुढे केला. "हो बाई, तुम्हीच द्या."

बाईंनी आपला उजवा हात उचलून दोघींसमोर धरला. बोटं एकसारखी कापत होती. पावटा सोलताना ते दिसलं नव्हतं.

"ह्या हातानं?" बाई हसल्या. "आता हा फक्त शेंगा सोलायच्या कामाचा."

कांचनने ऋतुजाकडे पाहिलं. नीट, वरपासून खालपर्यंत. बाजारात भांडं घेताना बायका वाजवून बघतात तसं.

"बरं," ती म्हणाली. "मग तुम्ही. पर नीट."

ऋतुजाने साबणाने हात धुतले. कांचन भिंतीशी बुटक्या स्टुलावर बसली. हुक काढले, उजवा हात बाहीतून बाहेर आला, मांडीवर सैल पडला. दाराची कडी मोडकी होती. बाईंनी दांडीवरचं जुनं लुगडं ओढलं, दारात दोन्ही हातांनी आडवं धरलं आणि बाहेरच्या बाजूला तोंड करून उभ्या राहिल्या. म्हातारे हात, तेही कापत होते, त्यामुळे लुगडंही हलत होतं. पण आडोसा पक्का होता.

पारावरून कुणीतरी विचारलं, "काय चाललंय हो बाई?"

"तुमचं काही नाही. तंबाखू मळा."

आत कांचन खुदकन हसली आणि तिचा दंड आणखी सैल झाला.

ऋतुजाने सुई भरली. हाडाचं टोक शोधलं. सापडलं. तिथून खाली बोटं ठेवली. काखेची रेष पाहिली. जागा बरोबर होती, तिला माहीत होतं की बरोबर होती, आणि तरी तिचा हलका हात आयुष्यात पहिल्यांदा जड झाला. कांचनने डोळे मिटून घेतले होते. तिच्या पोटावरचा पदर जरासा हलला, आतून कुणी तरी पाय मारल्यासारखं.

"बाई," ऋतुजा म्हणाली, "एकदा वळून बघता? बरोबर आहे ना, तेवढं सांगा."

बाई वळल्या नाहीत. लुगडं त्यांनी तसंच धरून ठेवलं.

"तुझा आवाज अजून वरून येतोय, ऋतुजा."

ऋतुजा गुडघे टेकून खाली बसली.